आरशातला गणपती आणि मोदकाच्या आकाराचे रेडियम



'चहा होईस्तोवर' हे आमचे सदर नावाप्रमाणे चहा होईपर्यंत वाचून संपावे अशी संपादकांची अट आहे. या वेळी मात्र आधणात आणखी दोन कप पाणी घालावे ही विनंती. विषय अणूच्या पोटातला आहे आणि तो निघाला आमच्या स्वयंपाकघरात, मोदक वळताना.

आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. मूर्ती फायरप्लेसवरच्या फळीवर बसते आणि बरोबर समोर कोटांच्या कपाटाचे आरशाचे दार येते. यंदा आई सांगलीहून आली होती. ती उकड मळत होती, सौ. सारण परतत होती, आम्ही फ्रोझन खोबऱ्याची पाकिटे फोडत होतो आणि आमची दहा वर्षांची कन्या मदतीच्या नावाखाली आरशासमोर उभी होती. तिथूनच ती ओरडली, "आजी, आरशातल्या बाप्पाची सोंड उजवीकडे आहे!"

आईचे हात थांबले. आपल्याकडे बहुतेक घरांत डाव्या सोंडेचा गणपती बसवतात. उजव्या सोंडेचा, म्हणजे प्रभादेवीच्या सिद्धिविनायकासारखा, घरी आणायचा तर सोवळेओवळे फार कडक. आईने हे नातीला समजावून सांगितले. नातीने विचारले, "मग आरशातल्या बाप्पाला वेगळे रूल्स का?" आई म्हणाली, "आरशातल्याचं आरशातले बघतील. तू ताट घे."

आजीने विषय संपवला, पण आमच्या डोक्यात तो सुरू झाला. कारण नातीचा प्रश्न पदार्थविज्ञानातला फार मोठा प्रश्न आहे. आरशातल्या जगाचे नियम आपल्या जगासारखेच असतात का? १९५६ पर्यंत जवळजवळ सगळे शास्त्रज्ञ म्हणत, असणारच. डावे-उजवे हे माणसाचे सोयीसाठी केलेले भेद, निसर्गाला त्याचे काय? त्या वर्षी ली आणि यांग या दोन तरुण चिनी शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की एका प्रकारच्या किरणोत्सर्गाच्या बाबतीत हे कुणी तपासलेलेच नाही. दोघेही आपल्या शिकागो विद्यापीठाचे विद्यार्थी. मग चिएन-श्युंग वू या बाईंनी वॉशिंग्टनच्या प्रयोगशाळेत कोबाल्ट-६० चे अणू निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड केले, त्यांची केंद्रके चुंबकाने एका दिशेला लावली आणि बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन मोजले. इलेक्ट्रॉन एका बाजूला जास्त पडत होते. म्हणजे आरशाचा नियम मोडला होता. निसर्गालाही डावे-उजवे कळते. १९५७ चे नोबेल ली आणि यांग यांना मिळाले. प्रयोग करणाऱ्या वूबाईंना मिळाले नाही, याबद्दल आमचे मत आम्ही इथे लिहीत नाही, कारण सौ. हा अंक वाचते आणि तिचे मत आमच्यापेक्षा तिखट आहे.

आता मोदकाकडे येऊ.

अणूच्या मध्यभागी केंद्रक असते आणि त्यात प्रोटॉन व न्यूट्रॉन असतात, इथपर्यंत आपण सगळे शाळेत शिकलो. पुस्तकातल्या चित्रात हे केंद्रक म्हणजे बुंदीचा लाडू असे. काही केंद्रके खरोखरच तशी गोल असतात. प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन यांची संख्या २, ८, २०, २८, ५०, ८२ अशी ठराविक झाली, की त्यांची एकेक पंगत पूर्ण भरते आणि केंद्रक गोल, नेटके राहते. या जादूच्या संख्यांचा उलगडा करणाऱ्यांत मारिया गेपर्ट-मायर होत्या. जर्मनीहून नवऱ्याबरोबर या देशात आलेल्या या बाई शिकागो विद्यापीठात कितीतरी काळ बिनपगारी शिकवत होत्या आणि अर्धवेळ नोकरी करत होत्या आर्गॉन प्रयोगशाळेत. १९६३ चे नोबेल त्यांना मिळाले.

पण पंगत अर्धवट भरलेली असली की जेवणारे जसे सरकून बसतात, तसे केंद्रक आकार बदलते. बहुतेक वेळा ते लांबट होते, रग्बीच्या चेंडूसारखे. काही वेळा चपटे होते, पेढ्यासारखे. असा वेडावाकडा आकार घेतलेली केंद्रके गोल लाडवांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. हा सिद्धांत मांडणाऱ्यांना, म्हणजे कोलंबियाचे रेनवॉटर आणि कोपनहेगनचे ऑगे बोर व बेन मॉटलसन यांना, १९७५ चे नोबेल मिळाले. यातले मॉटलसन आपल्या शिकागोत जन्मलेले आणि ला ग्रेंजच्या हायस्कुलात शिकलेले. १९५० साली ते एका वर्षाच्या शिष्यवृत्तीवर डेन्मार्कला गेले. त्या एका वर्षाचे पुढे काय झाले हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. १९७१ मध्ये ते डॅनिश नागरिक झाले आणि २०२२ साली कोपनहेगनमध्येच वारले.

लाडू, रग्बीचा चेंडू आणि पेढा यांत एक साम्य आहे. स्टीलच्या चकचकीत ताटावर ठेवून खालचे प्रतिबिंब बघा: वरची बाजू आणि खालची बाजू सारखीच. मोदक ठेवून बघा. वरच्याचे नाक वर, प्रतिबिंबाचे नाक खाली. मोदकाला वर-खाली आहे. काही मोजकी केंद्रके अशी मोदकाच्या आकाराची असतात. इकडचे लोक त्याला पेअरचा आकार म्हणतात. आपण नासपती म्हणू शकतो, पण ज्या घरात दहा मिनिटांपूर्वी एकवीस मोदक वळून झाले आहेत तिथे नासपतीला कोण विचारतो?

हा आकार कुठल्या केंद्रकाला मिळतो यातही हिशेब आहे. प्रोटॉन वा न्यूट्रॉन यांची संख्या ५६, ८८, १३४ यांच्या आसपास असली, की शेजारशेजारच्या दोन विशिष्ट कक्षा एकमेकींना ओढ लावतात आणि केंद्रकाला नाक फुटते. रेडियममध्ये प्रोटॉन ८८ आणि रेडियम-२२४ मध्ये न्यूट्रॉन १३६. बेरियम-१४४ मध्ये प्रोटॉन ५६ आणि न्यूट्रॉन ८८. म्हणून शोधायचे तर इथेच. बर्कलेच्या शास्त्रज्ञांना १९५० च्या दशकातच रेडियम-थोरियमच्या किरणोत्सर्गात याची चाहूल लागली होती, पण चाहूल म्हणजे पुरावा नव्हे.

पुरावा मिळाला २०१३ साली, जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेत. रेडियम-२२४ चे अर्धायुष्य साडेतीन दिवसांच्या थोडे वर, म्हणजे ते बाटलीत भरून ठेवता येत नाही. ताजे करावे लागते. युरेनियमच्या गोळ्यावर प्रोटॉनांचा मारा करून त्यातून रेडियम वेगळे काढले, त्याला प्रकाशाच्या सुमारे आठ टक्के वेग दिला आणि निकेल, कॅडमियम, कथील यांच्या पातळ पत्र्यांवर सोडले. वेग असा बेताचा ठेवला होता, की दोन केंद्रके एकमेकांना टेकू नयेत. नुसत्या विद्युतभाराच्या धक्क्याने रेडियम गरगरत जावे आणि शांत होताना गॅमा किरण सोडावेत. त्या किरणांवरून आकार ओळखायचा. आमच्या आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "नारळ कानाशी हलवून आत पाणी किती ते बघतो तसं." याहून बरे वर्णन आम्हाला अजून सापडलेले नाही.

लिव्हरपूलच्या पीटर बटलर यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने असे दाखवले, की रेडियम-२२४ चे नाक कायमचे असते. त्याच प्रयोगात रेडॉन-२२० ही तपासला. (घर घेताना तळघरात ज्याची चाचणी करतो त्या रेडॉनचा हा भाऊ.) त्याचे नाक कायमचे नव्हते, तो लाडवाचा मोदक आणि मोदकाचा लाडू असा हेलकावत होता. पुढे २०२० मध्ये रेडियम-२२२ मोदक ठरला आणि रेडियम-२२८ हेलकावणारा निघाला. म्हणजे एकाच मूलद्रव्यात चार-सहा न्यूट्रॉन इकडेतिकडे झाले तरी साचा बदलतो.

मधल्या काळात, २०१६ साली, आर्गॉनमध्ये बेरियम-१४४ चेही नाक मोजले गेले. हे केंद्रक साडेअकरा सेकंदांत निम्मे होते, त्यामुळे मापात बराच संशय राहिला, पण नाक आहे एवढे नक्की. त्या वेळी काही बातम्यांत 'कालप्रवास अशक्य असल्याचे सिद्ध' असे मथळे झळकले होते. असे काहीही सिद्ध झालेले नाही. ज्यांना भूतकाळात जायचे आहे त्यांनी निराश होऊ नये आणि सामानही बांधू नये.

मात्र हे मथळे उगाच आलेले नव्हते. मोदकाचा काळाशी संबंध आहे, आणि इथेच आमची गाडी बराच वेळ अडली होती, म्हणून थोडे सावकाश लिहितो.

आधी एक गैरसमज दूर करू. केंद्रक मोदकासारखे असले म्हणून त्याने नियम मोडला असे होत नाही. मोदकाचे नाक वर असावे की खाली, याबद्दल नियमाला काही म्हणायचे नसेल, तर निसर्ग दोन्ही सारखेच ठेवतो. क्वांटमच्या जगात तर एकच केंद्रक निम्मे नाक-वर आणि निम्मे नाक-खाली अशा दोन्ही स्थितींत एकदम असते. या दोन स्थितींची बेरीज करून एक अवस्था मिळते, वजाबाकी करून दुसरी, आणि दोघींच्या ऊर्जेत अगदी थोडा फरक असतो. बाहेरून बघणाऱ्याला नाक कुठल्याच बाजूला दिसत नाही. हिशेब चोख.

आता हे केंद्रक भोवऱ्यासारखे फिरते आहे असे समजा. फिरण्याला दिशा असते: आस वर की खाली. मोदकाचे नाक आसेच्या बाजूला जितके, तितकेच विरुद्ध बाजूला. समजा, नाक आसेच्या बाजूला किंचित जास्त कलले. आता याचा सिनेमा काढा आणि उलटा फिरवा. भोवरा उलटा फिरेल, म्हणजे आस उलटी होईल. पण नाक जिथे होते तिथेच राहील. म्हणजे उलट्या सिनेमात नाक आसेच्या विरुद्ध कललेले दिसेल. सुलट्या आणि उलट्या सिनेमातले नियम वेगळे! असा कल खरोखर सापडला तर त्याचा अर्थ, केंद्रकाच्या आत असे काही बल आहे ज्याला काळाची दिशा कळते.

असा कल शोधायला मोदकच का हवा? तराजूची दोन पारडी जवळजवळ समतोल असली, की चिमूटभर मिठानेही काटा हलतो. मोदकाकृती केंद्रकात त्या दोन अवस्था एकमेकींच्या इतक्या जवळ असतात (रेडियम-२२५ मध्ये फरक फक्त ५५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, केंद्रकाच्या दुनियेत चिल्लर), की अगदी क्षीण बलानेही नाक कलावे. शिवाय नाकाशी विद्युतभार असल्याने त्या कलाचा परिणाम बाहेरून मोजण्याजोगा मोठा होतो. पाऱ्यासारख्या नाक नसलेल्या केंद्रकाच्या तुलनेत शेकडो ते हजार पट मोठा, असा सिद्धांत सांगतो.

एवढा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. आम्ही कन्येला सांगत होतो तेव्हा तिनेही विचारला. विश्वाच्या सुरुवातीला द्रव्य आणि प्रतिद्रव्य समसमान निर्माण झाले असणार. दोघे भेटले की नुसता प्रकाश उरतो. हिशेब अगदी समसमान असता तर आज प्रकाशाखेरीज काही नसते: तारे नाहीत, सांगली नाही, शिकागो नाही. पण शंभर कोटींमागे सुमारे एक कण द्रव्याच्या बाजूला जास्त पडला आणि त्या एकेका कणापासून हे सगळे झाले. आंद्रे साखारोव्ह यांनी १९६७ मध्ये दाखवले, की असे व्हायचे तर निसर्गाला द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांच्यात फरक करता आला पाहिजे. आणि हा फरक व काळाची दिशा ओळखणे ही एकाच नाण्याची बाजू आहे. असा फरक एकदा सापडलाही होता. १९६४ साली क्रोनिन आणि फिच यांना के-मेसॉन नावाच्या कणांत तो दिसला. (हे क्रोनिनही शिकागोत जन्मलेले आणि नंतर शिकागो विद्यापीठात प्राध्यापक. या गावाच्या पाण्यातच काहीतरी असावे.) पण आजवर सापडलेला फरक फार तोकडा पडतो, तेवढ्याने आपण सगळे उरलो असतो असे गणितात बसत नाही. उरलेला फरक कुठेतरी लपलेला आहे. तो कदाचित रेडियमच्या नाकात असेल.

मंडळी, लेमाँटच्या टेकडीवरच्या देवळात आपण सगळेच जातो. वाटेत झाडीमागे आर्गॉन प्रयोगशाळेचे आवार लागते. पांढऱ्या हरणांसाठी ते प्रसिद्ध, आणि मुलांना आम्ही वर्षानुवर्षे तेवढेच सांगत आलो. त्या आवारात रेडियम-२२५ चे हे नाक मोजायचा प्रयोग झाला. रेडियम भट्टीत तापवून त्याचे अणू उडवायचे, लेसरने त्यांचा वेग काढून घेऊन त्यांना जवळजवळ थांबवायचे, लेसरच्याच चिमट्यात धरून दोन विद्युत-पत्र्यांमध्ये न्यायचे, भोवऱ्यासारखे फिरू द्यायचे आणि विद्युतक्षेत्र उलटसुलट करून फिरण्यात फरक पडतो का ते बघायचे. रेडियमचे अर्धायुष्य १५ दिवस, म्हणजे माल पंधरवड्यात अर्धा होणार.

पहिला निकाल २०१५ साली लागला, दुसरा २०१६ साली, पहिल्यापेक्षा ३६ पट बारीक. उत्तर दोन्ही वेळा एकच: शून्य. म्हणजे नाक कलले असेलच तर धन आणि ऋण भारांत पडणारे अंतर दशांश चिन्हानंतर बावीस शून्ये आणि मग १४, इतक्या सेंटिमीटरहून कमी. केंद्रकाच्या स्वतःच्या व्यासापेक्षाही हे सुमारे दहा हजार कोटी पट लहान आहे.

सिॲटलच्या गटाने २०१६ मध्ये साध्या पाऱ्यावर केलेले माप याहून सुमारे वीस लाख पट बारीक आहे, हेही प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. पाऱ्यावर हे काम कित्येक दशके चालले आहे आणि त्यांचेही उत्तर शून्यच. मोदकाची हजार पट सूट धरली तरी रेडियम अजून बराच मागे आहे. आम्हाला मात्र रेडियमचीच बाजू घ्यावीशी वाटते. पाऱ्याचा प्रयोग म्हणजे मुरलेले लोणचे, रेडियमचा आत्ता कुठे बरणीत भरलाय. आता तर मिशिगन स्टेट विद्यापीठात, जिथे आपल्या मंडळातली काही मुलेही शिकतात, २०२२ साली सुरू झालेले नवे यंत्र अशी दुर्मीळ केंद्रके मुबलक देईल अशी आशा आहे. सर्नमध्ये रेडियम आणि फ्लोरिन यांची जोडी जमवून त्या रेणूचा उपयोग करायची तयारी चालली आहे, कारण रेणूच्या आतले विद्युतक्षेत्र माणसाने तयार केलेल्या कुठल्याही क्षेत्रापेक्षा प्रचंड असते. २०२५ मध्ये याच रेणूत रेडियम-२२५ च्या केंद्रकातले चुंबकत्व कसे पसरले आहे याचा माग लागला. कल मोजायला त्याची गरज पडणारच आहे.

शून्याबद्दल आमच्या घरी वाद झाला. कन्येचे म्हणणे, इतकी वर्षे शून्यच येत असेल तर ते फेल झाले. आम्ही म्हणालो, दर वेळी शून्य अधिक बारीक होते, आणि तेवढ्यामुळे कागदावर उत्तम दिसणारे कित्येक सिद्धांत बाद झाले आहेत. तिला हे पटले नाही. शेवटी आई मध्ये पडली. "तू हरवलेलं कानातलं शोधताना एकेक खोली झाडतेस, तेव्हा ज्या खोलीत नाही मिळालं ती खोली फेल झाली का?" कन्या गप्प बसली. आम्हीही बसलो, कारण ते कानातले आमच्या हातून हरवले होते.

दीड दिवसाने गणपती गेले, पुढच्या महिन्यात आईही सांगलीला परत गेली. परवा रविवारी फोन आला. हवा, गुडघे, शेजारच्यांचे लग्न असे सगळे विषय झाल्यावर तिने विचारले, "काय रे, तो तुझा मोदक कलला का?"

आम्ही म्हणालो, "अजून नाही."

"बरं," ती म्हणाली, "कलला की कळव. रात्री उशीर असला तरी चालेल."